झील कोण धरणार? कचेरीतल्या ‘चिअर’ची पार्श्वभूमी

शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांनी गोल करायचा, एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी एका आवाजात उत्तर द्यायचं, शेवटी तीन टाळ्या. बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांत आणि अलकापुरी-गोत्रीकडच्या कचेऱ्यांत याला कुठे ‘हडल’ म्हणतात, कुठे ‘टीम चिअर’, कुठे नुसतंच ‘एनर्जायझर’. एचआरवाले सांगतात, हे अमेरिकेतल्या चिअरलीडिंगवरून घेतलं. ते खोटं नाही, पण ज्या रस्त्याने ते आपल्या दारात आलं तो बराच वाकडा आहे.

अमेरिकेतला भाग थोडक्यात. कॉलेजांच्या फुटबॉल सामन्यांत १८६० च्या दशकाअखेरपासून प्रेक्षकांत ठरावीक आरोळ्या होत्या. २ नोव्हेंबर १८९८ ला मिनेसोटा विद्यापीठाचा हरत चाललेला संघ मैदानात असताना एक विद्यार्थी गर्दीतून पुढे आला, गर्दीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने आरोळी द्यायला लावली. चिअरलीडिंगचा जन्म इथून धरतात. पुढची पंचवीसेक वर्षं हे काम पुरुषांचंच होतं. हातात असायचा कर्णा, झुबके (पॉमपॉम) नव्हेत. मिनेसोटात मुलींना १९२३ मध्ये प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे लढाईवर गेल्यावर चित्र उलटं झालं. मूठ आत लपवणाऱ्या चमकीच्या झुबक्याचं पेटंट तर थेट १९७१ चं. म्हणजे ज्या वस्तूवरून आपण चिअरलीडर ओळखतो, ती मूळ कामाला पाऊणशे वर्षं होत आल्यावर चिकटली.

कारखान्यातली आरोळी मैदानावरून सरळ आलेली नाही. पुढे संगणक बनवू लागलेल्या एका बड्या अमेरिकी कंपनीने १९२७ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी गाण्यांचं पुस्तक काढलं होतं. ती गाणी कंपनीची आणि साहेबांची स्तुती करणारी होती. जपानात विजेची उपकरणं करणाऱ्या एका कंपनीत १९३३ पासून सकाळच्या सभेत कंपनीची तत्त्वं एकत्र म्हणायची पद्धत पडली. याच कंपनीच्या सहकार्याने सत्तरच्या दशकात बडोद्यात सेलचा कारखाना उभा राहिला. मग १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीचा मालक कोरियात टेनिसचे चेंडू करणारा कारखाना पाहायला गेला. तिथे कामगार सकाळी कवायत करून कंपनीच्या नावाचा जयघोष करत होते. त्याला ते इतकं भावलं, की घरी परतून त्याने आपल्या दुकानांतही सुरू केलं. नावातलं एकेक अक्षर ओरडून मागायचं, मधल्या जोडरेघेच्या जागी कंबर हलवायची. ही साखळी २००६ मध्ये जर्मनीतून बाहेर पडली, तेव्हा कारणांच्या यादीत हा सकाळचा जयघोषही अनेकांनी धरला. तिथल्या नोकरांना तो लाजिरवाणा वाटत होता.

तर कंपनीच्या आरोळीत अमेरिकी कॉलेजही आहे आणि पूर्व आशियातली सकाळची कवायतही. आणि कवायत म्हटली की बडोदेकराला दुसरं गाव आठवायचं कारण नाही.

जुम्मादादांचा आखाडा म्हणजे बडोद्यातली जुनी व्यायामशाळा, तिच्याबद्दल इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. त्यातला एकच धागा कामाचा आहे. आपल्याकडे ज्यांना नुसतं ‘प्राध्यापक’ म्हटलं की पुरे होतं, त्या माणिकरावांनी सांघिक व्यायाम बसवताना इंग्रजी हुकूम काढून टाकले आणि देशी शब्दांत हुकूम बांधले. हा केवळ भाषाभिमान नव्हता. कवायतीच्या हुकमाला दोन तुकडे असतात. पहिला सावध करतो, दुसरा हलवतो, आणि दोहोंच्या मध्ये श्वासाएवढी जागा असते. परक्या शब्दात ही जागा नेमकी कुठे, ते साध्या पोराच्या कानाला कळत नाही आणि पन्नास जणांचे हात पन्नास वेळा पडतात. अमेरिकी चिअर पथकं सुरुवातीला जे ‘रेडी? ओके!’ म्हणतात, तेही याच जातीचं. बडोद्यात निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळातले. शारीरिक शिक्षणाकडे हे गाव किती गंभीरपणे बघत होतं, ते त्यांच्या जाडीवरूनच कळतं. १९२३ मध्ये इथल्याच एका जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून स्पर्धा भरवली. एका दमात, आवाज तुटू न देता खेळायचा खेळ तो. आवाज आणि अंगमेहनत यांचं नातं या गावाला ठाऊक होतं.

त्याहून जुनी गोष्ट हमालांची. ‘जोर लगाके हैशा’ ही कामाच्या जागेवरची सगळ्यात जुनी चिअर म्हणायला हवी, आणि तिचा उद्देश हुरूप वाढवणं हा नाहीच. सहा माणसांचा जोर एकाच क्षणी लागला तर पेटी हलते. मागेपुढे लागला तर सहाही जण दमतात आणि पेटी जागेवरच राहते.

आता शब्दाचा गुंता. हा थोडा सविस्तर घ्यावा लागेल, कारण पुढची बहुतेक भांडणं यातून निघाली.

१८ एप्रिल २००८ ला बंगळुरात आयपीएलचा पहिला सामना झाला. त्याआधी मराठी घरांत चिअरलीडर हा शब्द फारसा कुणी उच्चारत नसे. त्या संध्याकाळनंतर तो सगळ्यांना कळला, पण ‘चौकाराला नाचणाऱ्या परदेशी मुली’ एवढाच. काही दिवसांतच महाराष्ट्रात अश्लीलतेवरून राजकीय गदारोळ झाला. २०११ मध्ये पुण्याच्या संघाने यावर तोड म्हणून भारतीय पेहरावातल्या, देशी नाच करणाऱ्या मुली उभ्या केल्या. साडी आली, कंबरपट्टा आला, पण काम तेच राहिलं, चौकार गेला की नाचायचं. गर्दीकडे तोंड करून तिच्याकडून आवाज काढून घेणं हे मूळ काम कुणाच्या डोक्यातच नव्हतं. स्टेडियममध्ये ते काम ढोलवाले आणि डीजे करत होते.

हाच अर्धामुर्धा अर्थ घेऊन तो शब्द कंपन्यांत शिरला. मी तेव्हा नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात लॅबमध्ये होते. दरवर्षी जानेवारीत विभागवार क्रिकेट सामने व्हायचे. २००९ च्या सामन्यांआधी पर्सोनेलमधून परिपत्रक आलं: प्रत्येक विभागाने ‘चिअरिंगसाठी चार लेडीज स्टाफ’ची नावं द्यावीत, टी-शर्ट कंपनीकडून. आमच्या विभागात बायका चारच होत्या, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. पॅकिंगमध्ये एकही बाई नव्हती, म्हणून त्यांना दोन आमच्यातल्या ‘उसन्या’ द्यायच्या असंही ठरलं. हे वाक्य मी विनोदासाठी लिहीत नाही, परिपत्रकावर पेनाने तसं लिहिलेलं होतं.

आम्ही नाही म्हटलं. त्यावर समजावणी अशी, की अहो ताई, हे मोटिव्हेशन आहे, परदेशात डॉक्टर-इंजिनियर मुलीसुद्धा करतात. हे शेवटचं खरं होतं, त्यामुळे उत्तर द्यायला जड गेलं. बाहेरच्या देशात ते मुलींनी स्वतः निवडलेलं, सराव केलेलं काम होतं आणि इथे ते हजेरीपत्रकावरून नेमलेलं होतं, हा फरक मला तेव्हा इतक्या स्वच्छ शब्दांत सांगता आला नसता. व्यवस्थापनाची बाजूही नोंदवायला हवी: सामन्यांना तोवर शंभराच्या वर माणूस जमत नसे, गर्दी आणायची होती, हेतू वाईट नव्हता. पण शब्दच चुकीचा आणला होता, त्यामुळे हेतू कितीही चांगला असला तरी गाडी तिथेच जाणार होती.

सामन्याच्या दिवशी गंमत झाली. बॉयलरवरचे एक काका होते, बडोद्याच्या वाडी भागात राहणारे, गणपतीत पोवाडा म्हणणारे. ते सीमारेषेपाशी खुर्ची उलटी घालून बसले, पाठ मैदानाकडे, तोंड आमच्याकडे. आमचा गडी बाद झाला की ते हात वर करून ‘मग काय झालं?’ म्हणायचे आणि आम्ही ‘काही नाही झालं!’ बॉलर धावायला लागला की बोट ओठावर. त्यांची पाठ मैदानाकडे असूनही त्यांना खेळ कळत होता, आमच्या चेहऱ्यांवरून. चमकीचे झुबके पर्सोनेलच्या टेबलाखाली खोक्यात पडून होते. दुपारपर्यंत पॅकिंगवालेही आमच्यात येऊन बसले.

काका करत होते त्याला आपल्याकडे शब्द आहे, आणि तो ‘चिअरलीडर’ नाही. तो आहे झील: एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत ती उचलतात. गरबा गवडावणारी, म्हणजे पुढे होऊन गाणारी, ओळ सोडते आणि वर्तुळातल्या बाकीच्या ती झीलतात. गुजरातीत क्रियापदच ‘झीलवुं’ आहे. शब्द कोणी कोणाकडून घेतला यात मी पडत नाही. बडोद्याच्या माणसाला मात्र दोन्ही भाषांत तो जन्मजात कळतो. ‘पुंडलिक वरदे’ला ‘हरी विठ्ठल’ म्हणायला कुणी प्रशिक्षण घेतलेलं नसतं. १८९८ चा तो विद्यार्थी झील मागणारा होता. २००८ मध्ये आपण त्याच्या जागी शोभेची बाहुली उभी केली आणि मग तिच्या कपड्यांवरून भांडलो.

तिकडेही शब्द सुखात नव्हता. जुलै २०१० मध्ये एका अमेरिकी न्यायाधीशाने निकाल दिला, की एका विद्यापीठातलं स्पर्धात्मक चिअर, मुलींना समान संधी देणाऱ्या कायद्याच्या हिशोबात, खेळ म्हणून धरता येणार नाही. २०१४ मध्ये एका व्यावसायिक संघाच्या चिअरलीडरने किमान वेतनासाठी दावा लावला. सराव आणि कार्यक्रमांचे तास धरले तर हातात पडणारी रक्कम फारच किरकोळ होती. उलट आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१६ मध्ये चिअरच्या जागतिक संघटनेला तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. खेळ आहे, काम आहे की सजावट आहे, याचं उत्तर कुणाला विचारता त्यावर अवलंबून राहिलं. आपल्याकडे कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा डिसेंबर २०१३ पासून लागू झाला, तक्रार समित्या बसल्या, आणि ‘चार लेडीज स्टाफ’ छापाची परिपत्रकं कागदावर तरी बंद झाली.

त्यानंतर जे आलं ते तंत्र म्हणून आलं, आणि ते जास्त विचार करण्याजोगं आहे. चिअर पथकात उचलणारे असतात, वर जाणारी असते आणि एक नुसता बघणारा असतो. त्याला स्पॉटर म्हणतात. वरच्या मुलीवरून नजर हटवायची नाही आणि पडली तर तिचं डोकं-मान आधी धरायची, एवढंच त्याचं काम. टाळ्या त्याला कधीच नसतात. रासायनिक कारखान्यात टाकी साफ करायला माणूस आत उतरतो तेव्हा टाकीच्या तोंडाशी एकाला उभं करतात, तो हाच. त्याने आत जायचं नसतं. आतल्याशी बोलत राहायचं, आवाज आला नाही तर आरडाओरडा करायचा. प्रशिक्षणात स्पॉटरचं उदाहरण दिलं की आमच्या पोरांना ते चटकन पटायचं, चार्टवरच्या नियमांपेक्षा लवकर. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला १९७२ पासून देशभर शपथ घेतात. ती सगळे एका सुरात म्हणतात आणि विसरतात. टाकीच्या तोंडाशी उभा असलेल्याची हाक मात्र विसरून चालत नाही.

२०२० ने मधेच वेगळाच प्रयोग करून दाखवला. २२ मार्चला संध्याकाळी पाचला दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत थाळ्या वाजल्या, आणि पुढच्या महिन्यात कचेऱ्या पडद्यावर गेल्या. तिथे चिअर जमेना, आणि कारण मानसिक नव्हतं, तांत्रिक होतं. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे वीस जणांचं ‘हो’ वीस तुकड्यांत ऐकू येतं. हमालांची पेटी जी जागेवर राहायची, तीच ही. मग लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवायला सुरुवात केली. माणसं परतल्यावर एचआरला गोल करून उभं राहण्याची इतकी घाई का झाली, याचं एक उत्तर इथे आहे.

आज नंदेसरी-पादरा पट्ट्यातल्या शिफ्ट मीटिंगा तीन भाषांत चालतात. सुपरवायझर गुजरातीत ‘तैयार?’ विचारतो, उत्तर हिंदीत येतं, आमच्यातलं कुणीतरी मागून ‘आहोत की’ म्हणतं. याला तक्रार फारशी कुणाची नाही. तक्रार वेळेची आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाचे नऊ तास ही मर्यादा घातली आणि वरच्या वेळेला दुप्पट मजुरी सांगितली. चिअर कंपनीसाठी असेल तर ती मशीनवर हजेरी पंच केल्यानंतर व्हायला हवी, असं कामगारांचं म्हणणं. व्यवस्थापन म्हणतं, दहा मिनिटांचा काय हिशोब करायचा, हा तर उत्साहाचा भाग. ओळखीच्या एका कारखान्यात पंचिंग मशीन गेटवरून आत, मीटिंगच्या मोकळ्या जागेपलीकडे हलवलंय. शिफ्ट सातची, आणि गोल पावणेसातला होतो.