पार्श्वभूमी : माळ्यावरची 13 माणसं आणि खालच्या दोघी बहिणी

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या प्शेमिश्ल शहरात दोघी बहिणींनी 13 ज्यूंना घराच्या माळ्यावर लपवून वाचवलं. थोरली स्तेफानिया पोद्गुर्स्का 1942 मध्ये 17 वर्षांची, धाकटी हेलेना जेमतेम 6 वर्षांची. घरातली मोठी माणसं कुठे होती, इथूनच सुरुवात करायला हवी.

1939 मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघाने पोलंड वाटून घेतला, तेव्हा या शहरातून वाहणारी सान नदीच सरहद्द झाली. जून 1941 मध्ये जर्मन नदी ओलांडून आले आणि अख्खं शहर त्यांच्या ताब्यात गेलं. दोघींचे वडील युद्धाआधीच वारले होते. आईला आणि भावाला वेठबिगारीसाठी जर्मनीत नेलं, हेलेना तेवढी मागे राहिली. स्तेफानिया युद्धाआधीपासून दियामांत या ज्यू कुटुंबाच्या किराणा दुकानात कामाला होती. जुलै 1942 मध्ये बेल्झेकच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. दियामांतांच्या एका मुलाने धावत्या गाडीतून उडी टाकली आणि तो लपतछपत थेट तिच्या दारात आला. दार उघडणारीला तो अनोळखी नव्हता. मला वाटतं, या सगळ्यामागे तत्त्वापेक्षा ही जुनी ओळख आधी आहे.

ज्यूला आसरा देणाऱ्याला देहदंड, असा हुकूम जर्मनांनी ऑक्टोबर 1941 मध्येच काढला होता. तो नुसता कागदावर नव्हता. मार्कोवा गावात मार्च 1944 मध्ये उल्मा नवरा-बायको, त्यांची 6 मुलं आणि त्यांच्याकडे लपलेले 8 ज्यू, सगळ्यांना गोळ्या घातल्या.

स्तेफानियाने तातार्स्का रस्त्यावर घर भाड्याने घेतलं. माळ्यावर खोटी भिंत उभी करून तिच्यामागे जागा केली. एकेक करत तिथे 13 जण जमले. म्हणजे टंचाईच्या दिवसांत रोज 15 तोंडांचं रांधायचं, पाणी आणायचं, घाण बाहेर न्यायची आणि यातलं काही शेजाऱ्यांच्या नजरेत येऊ द्यायचं नाही. हेलेनाने हे सगळं पोटात ठेवलं. मुलांना भीती कळत नाही म्हणून ती धाडस करतात, असं आपण सहज बोलून जातो. इथे ते लागू पडत नाही. एका क्षणाच्या आवेगात होऊन जावं, असं हे काम नव्हतं.

1944 मध्ये समोरच जर्मन लष्करी इस्पितळ झालं. दोन तासांत घर रिकामं करा, असं फर्मान आलं. वरच्यांनी तिला विनवलं, तू धाकटीला घेऊन निघून जा. ती गेली नाही. मग कळलं, जर्मनांना एकच खोली हवी होती. तिथे दोन जर्मन परिचारिका येऊन राहिल्या. त्यांच्याकडे जर्मन सैनिकांची ये-जा, आणि डोक्यावर 13 माणसं श्वास रोखून! हे काही महिने चाललं. जुलै 1944 च्या अखेरीस सोव्हिएत फौजा आल्या, तेव्हा तेराच्या तेरा जिवंत होते.

गाडीतून उडी मारलेल्या त्या तरुणाशी स्तेफानियाने पुढे लग्न केलं आणि दोघं अमेरिकेत स्थायिक झाली. हेलेना पोलंडमध्येच राहून डॉक्टर झाली. 1979 मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंचे प्राण वाचवणाऱ्यांच्या यादीत दोघी बहिणींची नावं घातली.