गोव्यात बायकोला अर्धा वाटा आपसूक मिळतो?

“गोव्यात समान नागरी कायदा आहे, बायकोचा अर्धा वाटा ठरलेलाच, मग तिला कोर्टाची पायरी कशाला?” हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, इथपर्यंत खरं. पण लग्नाची नोंदणी झालेली हवी, आणि तिथे सह्या दोनदा होतात: आधी इराद्याची, काही दिवसांनी पक्की. पहिल्या सहीवरच लग्न झालं समजून दुसरीला न फिरकलेली जोडपी आहेत. पुढे नवरा उलटला की बाईच्या हाती तेवढाच कागद. देवळात अक्षता पडल्या, हे तिथे चालत नाही (सासरचे मात्र तेच ऐकवतात).

वाटणीला नवरा राजी नसेल तर कोर्टच. म्हापशात धुणीभांडी करणारीचा प्रत्येक तारखेला रोज बुडतो, बसभाडं वेगळं, आणि राहायचं त्याच घरात.

“वकील परवडत नाही” हे मात्र चूक. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, हेल्पलाइन १५१००.