घराण्यातलं पित्त, स्वादुपिंड आणि पुडीतलं औषध

"आमच्या घरात सगळ्यांनाच पित्त आहे हो" असं सांगणारे आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात, आणि त्यातल्या बहुतेकांचं ते खरंच पित्त असतं, सोडा प्यायला, ढेकर आली, संपलं. पण एखादं घर असं निघतं की आजोबा पोट धरून धरून वाळत गेलेले, काकांना तिशीतच शुगर लागलेली आणि तीसुद्धा काटकुळ्या अंगाला, आणि आता दहा वर्षांचा नातू कळ आली की उशी पोटाशी कवटाळून पुढे वाकून बसतो, कारण आडवं पडलं की दुखणं थेट पाठीत घुसतं. असं घर असेल तर सोडा-ओवा-हिंग बाजूला ठेवा आणि स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या, कारण हा आनुवंशिक स्वादुपिंडदाह, म्हणजे घराण्यातून येणारी स्वादुपिंडाची सूज, असू शकतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे असतं. इन्सुलिन करतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचं मोठं काम पाचकरस बनवायचं. त्यातलं ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम, म्हणजे सुरीच, म्हणून ती म्यानात घालून आतड्यात पाठवली जाते आणि तिथेच उघडते. कधीकधी थोडी आधीच उघडते, पण त्याचीही सोय आहे, ट्रिप्सिनच्या साखळीत १२२ नंबरच्या जागी एक कच्चा सांधा ठेवलाय, तिथे तुटलं की ते निकामी होतं. हा झाला फ्यूज. आता आपल्याकडे फ्यूज सारखा उडायला लागला की काही लोक त्यात जाड तार घालून मोकळे होतात ना, तसंच ट्रिप्सिन बनवणाऱ्या पीआरएसएस१ नावाच्या जीनमध्ये एक अक्षर बदललं की होतं, १२२ वरचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल जाऊन हिस्टिडिन येतं, सांधा पक्का होतो, फ्यूज उडतच नाही आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. पिढ्यानपिढ्या हा आजार असलेलं कुटुंब अमेरिकेत १९५२ मध्ये नोंदवलं गेलं, जीन सापडायला १९९६ उजाडलं. आईवडलांपैकी एकात हा बदल असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी, आणि मिळाला तर साधारण १०० पैकी ८० जणांना त्रास होतोच.

भारतात मात्र हा बदल क्वचितच सापडतो. आपल्याकडचा गुन्हेगार वेगळा, स्पिंक१ नावाचा जीन. हा ट्रिप्सिनवर बसलेला पहारेकरी, आणि तोच ढिला. केरळमध्ये तरुण मुलांच्या स्वादुपिंडात खडे होण्याचा जो आजार प्रसिद्ध आहे त्यात १० पैकी ४ पेशंटमध्ये हा बदल मिळतो, पण निरोगी माणसांतही १०० मागे दोन-तिघांत मिळतो, म्हणजे एकट्या जीनने भागत नाही, सोबत अजून काहीतरी लागतं. बरीच वर्षं तिथे टॅपिओकावर, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्यावर, खापर फोडलं जात होतं. ते काही सिद्ध झालं नाही, तेव्हा एकादशी बिनधास्त करा.

आता आयुर्वेदाकडे येऊ. जुन्या ग्रंथांत स्वादुपिंडाचं नेमकं वर्णन शोधायला गेलं की 'क्लोम' या शब्दाशी गाडी अडते, कोणी म्हणतं क्लोम म्हणजेच स्वादुपिंड, कोणी म्हणतं श्वासनलिका, वाद अजून चालू आहे. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते चरकसंहितेतलं, प्रमेहाच्या (यातच मधुमेह येतो) अध्यायात स्पष्ट म्हटलंय की प्रमेही आईबापाच्या पोटी आलेला प्रमेह बीजदोषामुळे असतो आणि कुळातून आलेले विकार असाध्य. जीनचा शोध लागायच्या कितीतरी शतकं आधी हे लिहिलंय, आणि आज बसमध्ये चिकटवलेल्या जाहिरातीत मात्र '९० दिवसांत मुळापासून बरे'! आयुर्वेदातच 'याप्य' असा एक मस्त शब्द आहे, म्हणजे बरा होत नाही पण उपचार आणि पथ्य चालू आहे तोवर ताब्यात राहतो. आनुवंशिक स्वादुपिंडदाह हा असा याप्य आजार आहे आणि कुठल्याही पॅथीचं औषध याच मापाने मोजावं असं माझं मत.

मोजणी थोडीफार झालेलीही आहे. हळद घ्या. कर्नाटकातल्या मणिपालच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये छापलेल्या छोट्याशा अभ्यासात स्वादुपिंड कायम सुजलेल्या पेशंटना ५०० मिलीग्राम कर्क्युमिन आणि ५ मिलीग्राम मिरीतलं पायपरिन असं सहा आठवडे दिलं, रक्तातल्या ऑक्सिडेशनच्या खुणा कमी झाल्या पण दुखणं काही हललं नाही. रिपोर्ट सुधारला, माणूस तिथेच. ॲंटिऑक्सिडंट गोळ्यांचंही गंमतशीर आहे, दिल्लीच्या एम्समध्ये १२७ पेशंटवर फायदा दिसला (दुखण्याचे दिवस कमी झाले), इंग्लंडमध्ये ७० पेशंटवर काहीच दिसला नाही. योगाचा एक अभ्यास आहे, ६० जण, १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, त्यात ताण कमी, भूक बरी, मूड चांगला असं निघालं आणि ते पटण्यासारखं आहे, वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाला एवढंही खूप असतं. चीनमध्ये स्वादुपिंड अचानक सुजल्यावर रेवंदचिनी घातलेला काढा हॉस्पिटलातच देतात, आतडी चालू ठेवायला. पण यातलं काहीही ती जाड तार काढून फ्यूज परत बसवत नाही.

मला भीती वाटते ती पुड्यांची. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा, गंधक, तांबं यांची औषधं आहेत आणि उत्तराखंडातल्या एका वैद्यपरंपरेचं या तिन्हींचं औषध तर स्वादुपिंडासाठीच देशभर प्रसिद्ध आहे, त्यावर पेशंटचे आकडेही छापलेत, फक्त ज्यांना औषध दिलं नाही अशा गटाशी तुलना नाही. आणि या आजारात दुखणं येतं-जातं, वर्षागणिक आपोआपही कमी-जास्त होतं, मग श्रेय नक्की कोणाचं? त्याहून नाजूक गोष्ट नागभस्माची. नाग म्हणजे शिसं, आणि नागभस्म परंपरेने कशावर देतात तर प्रमेहावर. स्वादुपिंड खराब झालेल्याला पुष्कळदा शुगर असते, मग नातेवाईक कुठून तरी पुडी आणतात, आणि ती नीट बनलेली नसेल तर शिशाच्या विषबाधेचं ठळक लक्षण काय, तर पोटात मुरडून कळा! पेशंटला वाटतं स्वादुपिंड भडकलं, अजून एक पुडी. २००४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक मिळालं होतं. म्हणून वैद्यांना बिनदिक्कत विचारा यात कुठला धातू आहे, आणि चांगला वैद्य न चिडता सांगतो. मेळघाटात लहान मुलांचं पोट फुगलं की गरम विळ्याचे चटके द्यायची 'डंबा' नावाची पद्धत आहे, तिच्याबद्दल वेगळं काय बोलणार.

पथ्याचं थोडं सविस्तर, कारण परंपरेचा खरा जोर इथे आहे आणि चूकही इथेच होते. दारू बंद, तंबाखू बंद, यात दुमत नाही. या आजारात पुढे कॅन्सरचा धोका आधीच बराच असतो आणि सिगरेट ओढणाऱ्यात तो साधारण दुप्पट होतो, वर वीसेक वर्षं आधी येतो. थोडं थोडं खा, हेही बरोबर. पण "तूप-तेल कायमचं बंद, नुसती मऊ खिचडी" हे वर्षानुवर्षं केलं की माणसाचा सापळा होतो. "लंघन हेच औषध" म्हणणाऱ्या आजीला हसू नका, डॉक्टरही परवापरवापर्यंत स्वादुपिंडाचा ॲटॅक आला की पेशंटला उपाशी ठेवायचे, आता मात्र सोसेल तसं लवकर खायला देतात. संडासात तेलाचा तवंग दिसतो, शौच तरंगतं, कितीही पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहतं, ही स्निग्ध पदार्थ पचत नसल्याची खूण, आणि तिचा उपाय तूप तोडणं नाही, एन्झाइमची कॅप्सूल घेणं आहे. सोबत अ, ड, ई, के जीवनसत्त्वांकडे लक्ष. शुगरसाठी कारल्याचा रस ढोसत असाल तर डॉक्टरांना सांगा, इथे इन्सुलिनसोबत शुगर वर आणणारं ग्लुकागॉनही कमी पडतं, त्यामुळे शुगर धाडकन खाली जाते.

या कॅप्सुलची एक अडचण कोणी उघड बोलत नाही. त्यातलं एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. माळकरी घरात हे कळलं की कॅप्सूल गुपचूप कचऱ्यात जाते आणि डॉक्टर डोकं खाजवत बसतात की वजन का वाढत नाही. कच्च्या पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं पण चरबीला हात लावत नाही, त्यामुळे तो पर्याय नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

आणि घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी किंवा जेवण झाल्यावर आठवण आली म्हणून घेऊ नये, अन्नासोबतच पोटात जायला हवी, चावायची नाही. लग्नाच्या पंगतीत बसलात तर एक पहिल्या घासाला, दुसरी जिलबीचा आग्रह सुरू झाला की.