नांगल ते चाळकेवाडी : ग्रीन हायड्रोजनमागचा जुना हिशोब

ग्रीन हायड्रोजनची, म्हणजे सोलर-वाऱ्यासारख्या स्वच्छ विजेवर पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनची बातमी आली की आमच्या साताऱ्यात एक प्रश्न हमखास निघतो, चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या आहेत, पलीकडं कोयना आहे, मग आपल्याकडंच का नाही बनवायचा? प्रश्न एकदम रास्त आहे. पण उत्तरासाठी बरंच मागं जावं लागतं.

पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढणं हे अजिबात नवीन नाहीये. 1800 साली निकल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी ते करून बघितलं होतं. त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते खतामुळं. 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊला हेबर-बॉश पद्धतीनं, म्हणजे हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून, युरियासारख्या खतांना लागणारा अमोनिया बनायला लागला, आणि एक टन अमोनियाला साधारण 177 किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे उसाला आपण युरिया टाकतो त्यामागं हायड्रोजन आहेच, फक्त तो कुठून आला हे आपण कधी विचारत नाही.

नॉर्वेत धबधब्यांची वीज स्वस्त होती, तिथं 1920 च्या दशकाच्या शेवटी रुकानला (Rjukan) पाण्यातूनच हायड्रोजन काढून खत बनवायला लागले. आणि आपल्या देशात? पंजाबात नांगलला. भाक्रा-नांगलच्या विजेवर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला खत कारखाना उभा राहिला, पाण्यातून हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया, आणि त्याच्याच जोडीला देशातला पहिला जड पाण्याचा (अणुभट्टीत वापरतात ते) प्लांट. आज ज्याला ग्रीन म्हणतात तेच हे काम, साठ वर्षांपूर्वीचं, आपल्याच इंजिनिअरांनी चालवलेलं. हे शाळेच्या पुस्तकात यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग ते थांबलं का? विजेमुळंच. जी वीज पाणी फोडायला जात होती तिला शेतीपंप, गावं, कारखाने अशी दुसरी गिऱ्हाइकं आली, आणि 1978 ला नांगलचं विस्तारीकरण झालं ते फ्युएल ऑइलवर. जगभर असंच झालं, नैसर्गिक वायूला गरम वाफ देऊन हायड्रोजन काढणं एवढं स्वस्त पडायला लागलं की बाकीचं मागं पडलं. त्यात एक किलो हायड्रोजनमागं 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कोळशातून काढला तर जवळपास दुप्पट, पण त्या धुराचं बिल कुणाच्या नावावर फाटत नव्हतं.

आता खरा हिशोब. एक किलो हायड्रोजनला सगळं धरून 50 ते 55 युनिट वीज लागते. युनिट 3 रुपयाला मिळालं तर नुसती वीजच दीडशेच्या वर, आणि 7-8 रुपयाचा इंडस्ट्रीचा दर लावला तर चारशेच्या घरात. यात मशीनचे पैसे धरलेलेच नाहीत, आणि तिथंच गोम आहे. एक मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाणी फोडणारं मशीन) तासाला 19 किलोच्या आसपास देतो, वर्षभर अखंड चालला तर 165 टनाच्या वर. पण वर्षाच्या एकूण तासांपैकी पाव भागच वीज मिळाली तर 42 टन, आणि कर्जाचं व्याज मात्र तेवढंच. साखर कारखान्याचं गाळप चार-पाच महिने आणि हप्ते बारा महिने, हे ज्या सांगली-साताऱ्यानं बघितलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

पवनचक्क्यांचं तसंच आहे. वनकुसवडे, चाळकेवाडी, शिराळ्यातलं गुढे-पाचगणी, इथं 1990 च्या दशकाच्या शेवटापासून चक्क्या उभ्या राहिल्या त्यात घसाऱ्याच्या कर सवलतीचा मोठा हात होता, वाऱ्याच्या विजेला 2003 मध्ये युनिटला 3.50 रुपये दर मिळाला. पण वारा जून ते सप्टेंबर भरपूर, नंतर बराच कमी, त्यामुळं नुसत्या पठारावरच्या वाऱ्यावर इलेक्ट्रोलायझर टाकला तर तो बराच काळ बसून राहणार. कोयनेची वीज (1960 मेगावॉट) संध्याकाळी मागणी चढली की लागते, ती शिल्लक पडलेली वीज नाही.

मग आत्ताच एवढी गडबड का, तर सोलर. 2017 मध्ये राजस्थानात भडल्याला 2.44 रुपये, 2020 च्या शेवटी गुजरातच्या लिलावात 1.99 रुपये युनिट. दिवसा सोलर, पावसाळ्यात आणि रात्री वारा अशी जोडी लावली की मशीनचे तास वाढतात, आणि आपल्या पठाराचा उपयोग खरा तिथं आहे, जुन्या छोट्या चक्क्या काढून मोठ्या बसवल्या तर आणखी. केंद्राचं ग्रीन हायड्रोजन मिशन जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालं, 19,744 कोटी आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनाचं टार्गेट. त्याच वर्षी राज्याचं धोरणही आलं. मी यात पटकन हुरळून जात नाही, कारण केंद्राच्याच 2006 च्या हायड्रोजन रोडमॅपमध्ये 2020 पर्यंत दहा लाख हायड्रोजनच्या गाड्या लिहिल्या होत्या.

जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागात पहिली शंका पाण्याची येते, आणि यायलाच पाहिजे, टेंभू-म्हैसाळ या पाणी योजनांसाठी माणसांनी किती वर्षं वाट बघितलीय. एक किलो हायड्रोजनला रसायनाच्या हिशोबानं 9 लिटर पाणी, फिल्टर-कूलिंग धरून 20 लिटर धरा. वर्षभर चाललेल्या एका मेगावॉटला 33-34 लाख लिटर होतात. पाटानं पाणी दिलेला एक एकर ऊस वर्षाला याच्या निदान दुप्पट पाणी पितो. म्हणजे अडचण पाण्यापेक्षा विजेची जास्त आहे.

आणि आपल्यापर्यंत हे पहिल्यांदा येईल ते गाडीतून नाही, खतातून. युरियाला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो नैसर्गिक वायूवरच्या प्लांटमध्ये आयता मिळतो, त्यामुळं तिथं ग्रीन अमोनिया बसवणं अवघड जातं. डीएपीला नुसता अमोनिया चालतो, म्हणून 2025 चे सरकारी लिलाव अशा कारखान्यांसाठी झाले आणि ग्रीन अमोनियाचा पहिलाच भाव किलोला 55.75 रुपये निघाला, युरोपातल्या 2024 च्या लिलावात पोहोच भाव शंभराच्या आसपास होता. त्याच सुमारास पानिपतच्या रिफायनरीसाठी ग्रीन हायड्रोजनचा भाव निघाला तो 397 रुपये किलो.