भोंडला (इंदूर)

भोंडला : आश्विनात पाटावरच्या हत्तीभोवती मुलींनी व बायकांनी फेर धरून गाणी म्हणण्याचा खेळ. यालाच हादगा असेही नाव आहे. विदर्भ-खानदेशातली भुलाबाई याच कुळातली; मात्र ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालते आणि तिच्यात हत्तीऐवजी शंकर-पार्वतीच्या मूर्ती असतात. इंग्रज व होळकर यांच्यातल्या १८१८च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्या सुमारास व पुढे स्थिरावलेल्या दक्षिणी, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या, कुटुंबांबरोबर हा खेळ माळव्यात आला असावा.

नाव व काळ : हादगा हे नाव हस्त नक्षत्रावरून आले, असे एक मत. दुसरे मत ते हादग्याच्या म्हणजे अगस्त्याच्या झाडाशी जोडते. पाटावर हत्तीच काढतात आणि हस्त हे नाव हत्तीशी जोडले जाते, हे पाहता पहिले अधिक पटते. अडचण दिवसांची आहे. सूर्य साधारण २७ सप्टेंबरला हस्तात येतो आणि १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रात जातो. म्हणजे नक्षत्र जेमतेम साडेतेरा दिवसांचे, तर हादग्याची जुनी मुदत सोळा दिवसांची. माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात, ती मात्र भाद्रपद पौर्णिमा ते सर्वपित्री अमावास्या अशी बरोबर सोळा तिथींची. झाकलेला प्रसाद ओळखायला लावण्याची रीत संजातही आहे. त्यामुळे इंदूरच्या भोंडल्याने संजाकडून काही उचलले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण खिरापत ओळखणे महाराष्ट्रातही सर्वत्र आहे. सोळा हा आकडाही सोळा सोमवार, महालक्ष्मीचा सोळा पदरी दोरा असा व्रतांत जागोजागी येतो. दोन्ही खेळांनी तो तिथूनच घेतला असण्याची शक्यता जास्त. संजा अमावास्येला बोळवली की दुसऱ्या दिवशी घट बसतात, आणि इंदूरचा भोंडला बहुधा याच नऊ दिवसांत होतो.

मांडणी : पाटावर सोंडेत माळ धरलेला हत्ती खडूने रेखून तांदूळ व डाळींनी भरतात. सप्टेंबरअखेरीस इंदुरात पाऊस पुरता गेलेला नसतो. ओल्या अंगणातली रांगोळी पसरते. पाट उचलून व्हरांड्यात नेता येतो. वीस-पंचवीसजणींपेक्षा मोठा फेर धरू नये. पलीकडच्या बाजूला गाणे उशिरा पोचते आणि पाय चुकतात. संख्या जास्त असेल तर आत लहान मुलींचा, बाहेर मोठ्यांचा असे दोन फेर करावेत. गाणे सांगणारी फेरातच हवी. गाणी मोबाइलवर लावली तर लहान मुली नुसत्या फिरतात, गाणे त्यांच्या तोंडी बसत नाही. हा खेळ टिकण्यातला सगळ्यात मोठा अडसर हाच.

खिरापत : जुन्या रीतीत पहिल्या दिवशी एक गाणे व एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळापर्यंत चढत जाते. त्या हिशेबाने एकूण १३६ खिरापती होतात. आता एकाच संध्याकाळी भोंडला करून प्रत्येकीने घरून एकेक डबा आणण्याची पद्धत आहे. इंदुरात वाटल्या डाळीच्या जोडीला भुट्ट्याचा कीस हमखास असतो, पण हिंग-मोहरीच्या वासाने तो लगेच ओळखला जातो. म्हणून तो पूर्ण निववून घट्ट झाकणाच्या डब्यात आणतात. वाटल्या डाळीसाठी पंचवीसजणींना पाऊण ते एक किलो हरभऱ्याची डाळ पुरते. चार-पाच तास भिजवून, निथळून, पाणी न घालता भरड वाटावी. पाणी पडले की गोळे होतात. फोडणीत तेलाची काटकसर केली तर डाळ घशात अडकते. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावे. डबा हलवून आवाज ऐकवतात, मग ‘गोड की तिखट?’, ‘तळलेली की वाफवलेली?’ असे विचारत ओळखतात.

सुरुवात ‘ऐलमा पैलमा’ने, शेवट ‘आडात पडला शिंपला’ने. नंतर फुगड्या. पाटावरचे धान्य सकाळी पाखरांना घालतात.