बाळ घरी आलं म्हणजे खर्च संपला?

‘एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल भरलं, आता सुटलो,’ हा समज जुना आहे, आणि चुकीचा. विशेषतः गरोदरपणाच्या २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत.

पोटातले आणि जन्मानंतरचे मिळून ३६ आठवडे भरतील त्या सुमारासही बाळाला ऑक्सिजन लागत असेल, तर डॉक्टर त्याला बीपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा दीर्घकालीन आजार म्हणतात. १९६७ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. अशी काही बाळं ऑक्सिजनसकट घरी येतात. मग सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर, ऑक्सिमीटर, औषधं, जास्त उष्मांकाचं दूध, हृदयाची टूडी इको. साधी सर्दीही पुन्हा अ‍ॅडमिट करायला लावते. पहिली दोन वर्षं हे वारंवार घडतं. शिवाय अनेकदा आई किंवा बाबांपैकी एकाची नोकरी सुटते. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जड तोच.

‘महागडं मशीन म्हणजे चांगले उपचार’ हेही खरं नाही. या आजाराचा धोका कमी करणाऱ्या औषधांत चक्क कॅफिन आहे, तेही स्वस्तातलं! (अर्थात डॉक्टरांनी दिलेलं, चहा-कॉफी नव्हे.)

दिलासा एवढाच, की फुफ्फुसातले बरेचसे वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, जन्मानंतर तयार होतात, त्यामुळे बहुतेक मुलांचा ऑक्सिजन पुढे सुटतो.