४०१(के), आयआरए आणि रोथ: अमेरिकेतल्या निवृत्ती खात्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत नोकरी धरली की पहिल्या काही दिवसांतच प्रश्न समोर येतात. ४०१(के) मध्ये, म्हणजे कंपनीमार्फत पगारातून बचत करायच्या निवृत्ती खात्यात, पगाराचा किती हिस्सा टाकायचा? ट्रॅडिशनल (कर पैसे काढताना) घ्यायचं की रोथ (कर आत्ताच)? नोकरी बदलली तर आधीच्या पैशांचं काय? आणि निवृत्तीनंतर वर्षाला किती काढले तर ते जन्मभर पुरतील? ज्यांना कंपनीची पेन्शन होती, त्यांना यातलं जवळजवळ काहीच विचारावं लागत नसे. गुंतवणूक कुठे करायची हे कंपनी ठरवी आणि तोटा झाला तर तोही कंपनीच सोसे. ही सगळी जबाबदारी कामगाराकडे आली ती एका झटक्यात नाही, आणि ती तशी यावी असं कुणी ठरवलंही नव्हतं.

डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर या मोटार कंपनीने इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा कारखाना बंद केला. पेन्शन फंडात सगळ्यांना पुरतील इतके पैसे नव्हते, म्हणून वयानुसार वाटणी झाली. आधीच निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्या जुन्या कामगारांना पूर्ण पेन्शन मिळाली. ४० ते ५९ वयाच्या, किमान १० वर्षं नोकरी झालेल्या सुमारे ४,००० जणांना त्यांच्या हक्काच्या रकमेचे जेमतेम १५ टक्के मिळाले. बाकीच्यांना काहीच नाही. साठीला काही महिने कमी पडले म्हणून आयुष्यभराच्या कष्टाचा मोबदला हातचा गेलेला माणूस डोळ्यांसमोर आणला, की पुढचे कायदे कशासाठी आले ते कळतं.

तरी कायदा व्हायला जवळपास ११ वर्षं गेली. २ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ‘एरिसा’ कायद्यावर सही केली. पेन्शन फंडात पुरेसे पैसे ठेवणं बंधनकारक झालं, ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनचा हक्क पक्का झाला आणि बुडालेल्या योजनांसाठी सरकारी विमा आला. याच कायद्यात आयआरए, म्हणजे स्वतःच्या नावावरचं वैयक्तिक निवृत्ती खातं, जन्माला आलं. ज्यांना कंपनीची पेन्शन नाही त्यांनी वर्षाला १,५०० डॉलरपर्यंत स्वतः साठवावेत, अशी ती सोय होती. नोकरी सोडताना मिळालेली रक्कम कर न भरता या खात्यात वळवण्याची मुभाही तेव्हाचीच. आज ज्याला सगळे ‘रोलओव्हर’ म्हणतात तो हाच.

४०१(के)ची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. काही कंपन्या नफ्यातला वाटा देताना विचारत: रोख घेता की पुढच्यासाठी ठेवता? ठेवला तर त्यावर कर कधी लागायचा, याबाबत संदिग्धता होती. ती मिटवण्यासाठी १९७८ च्या करकायद्यात ४०१(के) हे छोटं कलम घातलं गेलं: ठेवलेल्या रकमेवर कर ती काढतानाच लागेल. देशाची निवृत्ती व्यवस्था त्यावर उभी राहील असं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं. १९८० मध्ये पेनसिल्व्हेनियातले सल्लागार टेड बेना एका बँकेच्या बोनस योजनेवर काम करत होते. नेहमीच्या पगारातून केलेल्या कपातीलाही हे कलम लागू होईल, असं त्यांना दिसलं. पण सवलत फक्त वरिष्ठांपुरती ठेवता येत नव्हती, कमी पगाराचे लोकही सामील व्हायला हवे होते. म्हणून कर्मचाऱ्यांनी भरलेल्या रकमेत कंपनीनेही भर घालायची, अशी आखणी बेना यांनी केली. बँकेने नकार दिला. मग बेना यांच्याच कंपनीने ती योजना आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू केली आणि १९८१ मध्ये करखात्याच्या प्रस्तावित नियमांनी पगारकपातीला दुजोरा दिला. कंपनीची ही भर, म्हणजे ‘मॅच’, ज्यांना मिळते त्यांनी ती पूर्ण पदरात पाडून घ्यावी, असं मी कळकळीने सांगेन. आपल्या पगाराचाच तो भाग आहे.

पैसे कुठे गुंतवायचे, या प्रश्नाचं आजचं सर्वांत परिचित उत्तरही याच काळातलं. १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी आपल्या व्हॅनगार्ड या गुंतवणूक कंपनीचा पहिला इंडेक्स फंड, म्हणजे शेअर निवडत न बसता बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड, आणला. १५ कोटी डॉलर जमवायचे होते, जमले १ कोटी १३ लाख. फंड चालवण्याचा खर्च कमी ठेवायचा हा त्यांचा आग्रह लोकांना पटायला पुढे बरीच वर्षं लागली.

रोथ आयआरए १९९७ च्या कायद्याने आलं. सिनेटर विल्यम रोथ यांचं नाव त्याला मिळालं. यात कर आज भरायचा आणि निवृत्तीनंतर काढलेली रक्कम करमुक्त. सरकारलाही हे सोयीचं होतं, कारण कर लगेच जमा होतो आणि सवलतीचा भार पुढच्या दशकांवर पडतो. तीस वर्षांनी आपला करदर काय असेल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मला दोन्ही प्रकारांत थोडं थोडं ठेवणं शहाणपणाचं वाटतं.

२००१ मध्ये एन्रॉन ही ऊर्जा कंपनी बुडाली, तेव्हा तिच्या अनेक कर्मचाऱ्यांची ४०१(के) खाती एन्रॉनच्याच शेअर्सनी भरलेली होती. नोकरी आणि बचत एकदमच गेली. २००६ च्या पेन्शन कायद्याने कंपनीच्या शेअर्समधून बाहेर पडणं सोपं केलं आणि कर्मचाऱ्याला आपोआप योजनेत घेण्याचा मार्गही मोकळा केला.

पैसे काढण्याच्या नियमांतही हा इतिहास दिसतो. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढल्यास, काही अपवाद सोडता, १० टक्के दंड लागतो. हे वय स्वयंरोजगारी लोकांसाठीच्या १९६२ च्या कायद्यातून आलं आहे. ‘४ टक्क्यांचा नियम’ तर कायदाच नाही. विल्यम बेंगन या सल्लागाराने १९९४ मध्ये १९२६ पासूनची अमेरिकी बाजाराची आकडेवारी तपासून तो मांडला: पहिल्या वर्षी ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवा, तर पैसे ३० वर्षं टिकतील. पुढे बेंगन यांनी स्वतःच तो आकडा वर नेला. ट्रॅडिशनल खात्यातून सक्तीने पैसे काढायला लागण्याचं वयही सरकलं आहे. आधी साडेसत्तर होतं, २०१९ च्या कायद्याने ७२ झालं, २०२३ पासून ७३, आणि १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते ७५ असेल.